रोटरकडचा क्रॉस सारखा तुटतोय – शाफ्टच्या कोनावर काय इलाज?

कृष्णाकाठ (पलूस)

राम राम मंडळी.

माझ्याकडं ४५ एचपीचा ट्रॅक्टर आणि सहा फुटी रोटर आहे. रान काळं, भारी. उसाचा खोडवा तुटून गेला की खोडकी काढायची, रोटरच्या दोन पाळ्या मारायच्या आणि सरी सोडायची, हे दरवर्षीचं काम. पण गेल्या हंगामापासून पीटीओ शाफ्टचा (ट्रॅक्टरची ताकद रोटरला देणारा फिरता दांडा) रोटरकडचा क्रॉस, म्हणजे कोनात फिरणाऱ्या जोडातला चार भुजांचा तुकडा, टिकेनासा झालाय. नवीन टाकला की थोडे एकर नीट चालतो, मग कट्‌ कट्‌ सुरू होतं आणि एखाद्या दिवशी भुजेवरचा कप फुटून आतल्या बेअरिंगच्या सुया रानात सांडतात. नवल म्हणजे ट्रॅक्टरकडचा क्रॉस पहिल्यापासूनचाच आहे, त्याला काही झालेलं नाही.

कामात असताना सीटखाली बारीक थरथर जाणवते. बांधाला रोटर उचलला की शाफ्ट खडखड वाजतो. आणि आता गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून तेल पाझरायला लागलंय. ग्रीस रोज सकाळी मारतो, त्यात हयगय नाही.

दुकानदार म्हणतो हल्ली क्रॉसचा मालच हलका येतो. मिस्त्री म्हणतो गिअरबॉक्स खोलू. तो खोलायचा म्हणजे मोठा खर्च आणि सुरू उसाच्या लागणीचं रान तोवर पडून. त्याआधी इथं विचारावं म्हणून धागा काढला. कुणाला असा अनुभव आहे का?

माणदेशी (विटा)

दादा, सरळ एक माप मोठा शाफ्ट टाका, जाड क्रॉसचा. आमच्याकडं माळाचं रान, दगडगोटे. मी जाड शाफ्ट टाकल्यापासून क्रॉसकडं बघितलेलं नाही.

लेथवाले काका (कराड)

जाड क्रॉस टाकला की दुखणं पुढच्या भागात सरकतं. क्रॉस वाचतो आणि तोच मार पिनियनच्या (गिअरबॉक्सच्या आत जाणारा दांडा) बेअरिंगला आणि सीलला बसतो. यांचं सील तर आधीच पाझरतंय, म्हणजे मार तिथवर पोचलेला आहे.

माझ्या टेबलावर तुटके क्रॉस रोज येतात. माझी सगळ्यांना विनंती आहे, जुना क्रॉस फेकायच्या आधी पुसून नीट बघा. भुजा निळसर काळी पडलीय, सुया कोरड्या आहेत, आत गंजाची लाल पूड आहे, तर ग्रीस आत पोचलेलं नाही. ग्रीस मारताना चारही कपांतून थोडं बाहेर डोकावलं पाहिजे. तीनच कपांतून आलं तर चौथा उपाशीच आहे. भुजेवर सुयांच्या बारीक रेषा उमटल्यात, नखाला लागतात, तर भार किंवा धक्के जास्त. भुजा मुळातून मोडून तुकडाच पडलाय, तर एकच मोठा दणका बसलाय. दगड म्हणा, किंवा शिअर बोल्टच्या (जास्त मार बसला की आधी तुटून बाकीचं वाचवणारा मऊ बोल्ट) जागी कुणीतरी कडक बोल्ट घातलेला असतो. आणि योकचे (क्रॉस दोन बाजूंनी धरणारं दुबेळकं) कान एकमेकांवर घासून चमकत असतील तर कोन इतका झालाय की जोड जागेवर अडतोय.

कृष्णाकाठ, तुमच्या क्रॉसवर यातलं काय दिसतंय? शिअर बोल्ट कुठला आहे? शाफ्टवर आधी काही काम झालंय का? शाफ्ट सरळ जमिनीवर ठेवून एक फोटो टाका.

कृष्णाकाठ (पलूस)

काका, रेषा आहेत, नखाला चांगल्या लागतात. रंग बदललेला नाही, कान घासलेले नाहीत. शिअर बोल्ट रोटरबरोबर आलेल्यातलाच आहे. गेल्या वर्षी आतली नळी पिळली होती, तेव्हा एका वर्कशॉपमधून नळी बदलून योक वेल्ड करून घेतला. फोटो जोडलाय.

यंत्रशाळा (मिरज)

फोटो मोठा करून बघा. मधल्या नळीच्या दोन टोकांना दोन योक आहेत. ट्रॅक्टरकडच्या योकचे कान आडवे आहेत आणि रोटरकडच्या योकचे उभे. वेल्ड करताना योक पाव फेरा फिरून बसलाय. तुमचं दुखणं त्या दिवसापासूनचं असणार.

मी पॉलिटेक्निकमध्ये हा विषय शिकवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. ज्यांना नको त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं, पण जमलं तर वाचा, कारण हे एकदा कळलं की पुढचे सगळे उपाय आपोआप कळतात.

क्रॉसचा जोड सरळ रेषेत असतो तेव्हा इकडचा आणि तिकडचा शाफ्ट अगदी बरोबरीनं फिरतात. कोन पडला की मिनिटाचे एकूण फेरे तेवढेच राहतात, पण प्रत्येक फेऱ्यात पुढचा शाफ्ट दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो. किती, हे कोनाच्या कोसाइनवर ठरतं. पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांना कोसाइननं गुणलं की सगळ्यांत कमी वेग मिळतो, भागलं की सगळ्यांत जास्त. १० अंशाला हा वेग ५३२ ते ५४८ च्या मध्ये हलतो. २० अंशाला ५०७ ते ५७५. ३० अंशाला ४६८ ते ६२४. कोन १० चा ३० झाला, म्हणजे तिप्पट, पण वेगातली तफावत १६ वरून १५६ वर गेली. ती जवळजवळ दहापट झाली, हे लक्षात घ्या.

५४० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला ९. फेऱ्याला दोन हिसके, म्हणजे सेकंदाला १८. सीटखालची थरथर तीच. रोटरचा फाळांचा ड्रम जड असतो, मातीत रुतलेला असतो, तो सेकंदाला १८ वेळा वेग बदलायला तयार होत नाही. मग ती ओढाताण क्रॉसच्या सुयांवर येते आणि भुजेवर रेषा उमटतात.

यावर उपाय म्हणूनच शाफ्टला दोन क्रॉस असतात. पहिला जोड जेव्हा पळवतो तेव्हा दुसऱ्यानं नेमकं तेवढंच मागं खेचलं तर गिअरबॉक्सला एकसारखी गती मिळते. त्यासाठी दोन अटी आहेत. एक, मधल्या नळीच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत, कान समांतर. दोन, दोन्ही जोडांचे कोन सारखे हवेत. ट्रॅक्टरला तीन बिंदूंवर जोडलेल्या रोटरला हे साधायचं तर ट्रॅक्टरचा पीटीओ आणि रोटरची पिनियन, दोन्ही एकमेकांना समांतर ठेवायची, शाफ्ट मध्ये कितीही तिरका असो.

तुमच्याकडं पहिली अट मोडलीय. योक पाव फेरा फिरला की दुसरा जोड पहिल्याचे हिसके फेडत नाही, त्यात आपले आणखी घालतो. दुसरी अट पाळली जातेय का ते मोजल्याशिवाय कळणार नाही. मोजून सांगाल का?

नवखा_शेतकरी (लातूर)

सर, एक शंका. शाफ्ट पीटीओवर चढवताना सहा खाचा असतात. एखादी खाच पुढं-मागं बसली तर हाच दोष होईल का?

यंत्रशाळा (मिरज)

नाही. पीटीओवर कुठल्याही खाचेत बसवा, तिथं फरक पडत नाही. बघायचे ते फक्त मधल्या नळीला जोडलेले दोन योक, एकमेकांच्या संदर्भात. जुन्या चौकोनी नळीच्या शाफ्टमध्ये मात्र सावध राहा. चौकोनी दांडी चौकोनी नळीत पाव फेरा फिरवूनही आरामात बसते. ग्रीस लावायला शाफ्ट वेगळा केला आणि परत जोडताना लक्ष दिलं नाही की झालं. वेगळा करण्याआधी दोन्ही नळ्यांवर पांढऱ्या रंगाचा एक सरळ पट्टा ओढून ठेवा. लिंबाच्या आकाराच्या नळीत पाव फेऱ्याची चूक होऊच शकत नाही, ती अर्ध्या फेऱ्यानंच फिरून बसते आणि ते चालतं.

कृष्णाकाठ (पलूस)

सर, योकचं डोळ्यांना दिसत होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, मिस्त्रीच्याही नाही. उद्याच शाफ्ट काकांकडं पाठवतो. कोन कसा मोजायचा ते सांगा.

यंत्रशाळा (मिरज)

मोबाइलमधलं कोन दाखवणारं ॲप पुरेसं आहे. रोटर रानात नेहमीच्या खोलीवर उतरवून थोडं चालवा आणि तसाच मातीत ठेवून इंजिन बंद करा, चावी काढून खिशात घाला. शेडमधल्या फरशीवर मोजू नका, तिथं फाळ आत जात नाहीत आणि कोन वेगळाच येतो.

मग तीन ठिकाणी मोजा. पीटीओच्या दांड्यावर फोन आडवा धरून. मधल्या नळीवर, प्लास्टिकचं कव्हर सरकवून लोखंडावर. आणि पिनियनसाठी गिअरबॉक्सच्या पुढच्या फ्लँजला गुण्या लावून, गुण्याच्या आडव्या बाजूवर फोन ठेवून. प्रत्येक वेळी कुठलं टोक खाली आहे ते लिहून ठेवा, नुसता आकडा उपयोगाचा नाही.

भाड्याचा रोटर (बार्शी)

माझा धंदाच एकरी रोटर मारायचा, म्हणून कोनाबद्दल दोन शब्द.

कृष्णाकाठभाऊ, मोजायच्या आधीच सांगतो, तुमची टॉप लिंक (रोटरला वरून धरणारा, लांबी बदलता येणारा दांडा) आखूड असणार. बऱ्याच ड्रायव्हरांना सवय असते, रोटर खोल जाईना की टॉप लिंक आवळायची. आवळली की रोटरचं डोकं ट्रॅक्टरकडं झुकतं आणि गिअरबॉक्सचं नाक खाली जातं. मातीत उतरलेल्या रोटरला शाफ्ट मागं उतरता असतो. त्यात नाक खाली गेलं की मागच्या जोडाचा कोन वाढतो, पुढचा आहे तेवढाच राहतो. मागचाच क्रॉस का जातो याचं उत्तर त्यात आहे. खोली धरायची ती बाजूच्या स्कीडच्या (जमिनीवर घसरणारी पट्टी) बोल्टांनी आणि हायड्रोलिकच्या लिव्हरनं. टॉप लिंक फक्त गिअरबॉक्स लेव्हलला ठेवण्यासाठी.

दुसरं, उचलताना. रोटर पूर्ण वर घेतला की शाफ्ट उलटा, मागं चढता होतो. मग ट्रॅक्टरकडचा जोड सगळ्यांत जास्त वाकतो. फाळ मातीतून वीतभर वर आले की वळायला पुरतं. पण ड्रायव्हर लिव्हर शेवटपर्यंत ओढतो आणि पीटीओ चालूच असतो. ती खडखड तिथली. लिव्हरच्या पट्टीवर स्टॉपरची चावी असते, ती अडवून टाका, म्हणजे लिव्हर त्याच्या वर जाणारच नाही. रस्त्यानं जाताना पीटीओ बंद करून चावी सैल करायची आणि पूर्ण उचलायचं.

आणि लोअर लिंकच्या (खालचे दोन उचलणारे दांडे) चेन. नांगराला सैल चालतात, रोटरला नाही. रोटर आडवा हलायला लागला की कोनात आडवी भर पडते.

कृष्णाकाठ (पलूस)

मोजलं. भाऊ, तुमचा अंदाज तंतोतंत बरोबर निघाला.

पीटीओ जवळजवळ सपाट, शून्य धरा. नळी मागं ११ अंश उतरती. गिअरबॉक्सचं नाक ७ अंश खाली. उचलल्यावर, लिव्हर शेवटपर्यंत, नळी मागं चढती २७ अंश.

यंत्रशाळा (मिरज)

छान मोजलंत. आता हिशेब करू.

कामात पुढच्या जोडाचा कोन ११ अंश. मागच्या जोडाचा ११ अधिक ७, म्हणजे १८. दोन्ही जोड मिळून गिअरबॉक्सला किती हिसका बसतो हे काढायला सोपा मार्ग आहे. योक रेषेत असतील तर मोठ्या कोनाच्या वर्गातून लहान कोनाचा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्यायचं. ३२४ वजा १२१, म्हणजे २०३, वर्गमूळ साधारण १४. एकच जोड १४ अंशांवर चालवल्यासारखा हिसका. पण तुमचा योक पाव फेरा फिरलेला आहे, तेव्हा वजा करण्याऐवजी बेरीज होते. ३२४ अधिक १२१, म्हणजे ४४५, वर्गमूळ २१. पिनियनचा वेग ५०४ ते ५७९ च्या मध्ये, सेकंदाला १८ वेळा, खाली-वर होत होता. चांगल्यातला चांगला क्रॉस टाकला असता तरी त्याची हीच गत झाली असती.

नुसता योक सरळ केला तर २१ चे १४ होतील, वेग ५२३ ते ५५७ मध्ये येईल. बराच फरक पडेल. टॉप लिंक सैल करून पिनियन सपाट केली तर दोन्ही कोन ११-११ होतील आणि गिअरबॉक्सला जवळजवळ एकसारखी गती मिळेल. दोन्ही कामं करा, एकावर थांबू नका.

एक गोष्ट राहते, ती मी वर्गातही आवर्जून सांगतो. दोन्ही कोन सारखे झाले तरी मधली नळी स्वतः पळत-रेंगाळतच फिरते. तिचे हिसके टोकाला फेडले जातात, पण ती स्वतः थरथरत असते आणि क्रॉस त्याचा भार सोसत असतात. म्हणून ३०-३० अंश समान आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. साध्या क्रॉसचा शाफ्ट कामाच्या भाराखाली २५ अंशांच्या आत ठेवावा, आणि १५ च्या आत ठेवता आला तर तो बरीच वर्षं साथ देतो. तुमचे उचललेले २७ अंश फार नाहीत, पण पीटीओ चालू ठेवून रोज शंभरदा उचलायचं असेल तर तेही नकोत.

लेथवाले काका (कराड)

शाफ्ट आला माझ्याकडं. वेल्ड कापून योक रेषेत आणून परत बसवला. घरी ज्यांना असं काम करून घ्यायचंय त्यांच्यासाठी: वेल्डच्या आधी दोन्ही योकच्या भोकांतून एकेक सरळ सळई घालायची आणि नळीच्या टोकावरून एका डोळ्यानं बघायचं. दोन्ही सळया एकावर एक दिसल्या पाहिजेत. मग चार टाके मारायचे, परत बघायचं, मगच पूर्ण वेल्ड. वेल्ड झाल्यावर नळी लेथवर फिरवून सरळ आहे का पाहिलं, कारण एका बाजूनं जास्त उष्णता गेली की नळी वाकते आणि मग थरथरीला नवं कारण मिळतं.

लांबीचंही सांगतो, कारण नवा शाफ्ट बाजारातून आणून तसाच चढवणारे खूप बघितलेत. नवा शाफ्ट बहुतेक वेळा लांब असतो. तो पूर्ण दाबला जाऊन तळाला टेकला की पीटीओचं बेअरिंग आणि गिअरबॉक्सचं तोंड दोन्हीवर सरळ घणाचा मार बसतो. शाफ्ट सगळ्यांत आखूड कधी होतो? बरेच जण सांगतात पूर्ण उचलल्यावर. तसं नाही, पीटीओ आणि पिनियन साधारण एका उंचीवर येतात तेव्हा तो सगळ्यांत आखूड असतो. रोटर त्या उंचीवर ठेवायचा, खाली ठोकळे लावायचे, इंजिन बंद. शाफ्टचे दोन्ही अर्धे वेगळे करून एक पीटीओला, एक रोटरला लावायचा आणि शेजारी शेजारी धरायचे. टोक पलीकडच्या योकपासून इंचभर, २५ मिलिमीटर तरी, लांब राहील अशी खूण करायची. जेवढी आतली नळी कापाल तेवढीच बाहेरची, आणि तेवढंच प्लास्टिकचं कव्हर. कापल्यावर कानस मारून धार काढायची, ग्रीस लावायचं.

मग रोटर सगळ्यांत खाली आणि सगळ्यांत वर नेऊन बघायचं. शाफ्ट पूर्ण ताणल्यावरही नळीचा किमान एक तृतीयांश भाग एकमेकीत राहिला पाहिजे. कमी राहिला तर नळी पिळते. यांची गेल्या वर्षीची नळी कशी पिळली ते मला माहीत नाही, पण पुढच्या वेळी हे तपासायचं.

द्राक्षवाला (तासगाव)

हा धागा रोटरचा आहे, पण आमचं दुखणं याच जातीचं आहे म्हणून विचारतो. मागं ओढायचा फवारणीचा ब्लोअर आहे. ओळीच्या शेवटी वळताना शाफ्ट जोरात आदळतो. क्रॉस टिकत नाहीत, आणि इथं तर टॉप लिंकच नाही.

यंत्रशाळा (मिरज)

तुमच्याकडं कोन आडवा पडतो. वळणावर ट्रॅक्टर आणि ब्लोअर यांच्यात ५० अंशांचा कोन झाला तर तो दोन जोडांत कसा वाटला जातो हे हिचची (ब्लोअर ट्रॅक्टरला जोडायची) पिन कुठं आहे यावर ठरतं. पिन दोन जोडांच्या बरोबर मध्यावर असली तर दोघांना २५-२५ येतात, आणि समान असल्यानं ते एकमेकांचे हिसके फेडतात. पिन ट्रॅक्टरच्या जोडाखालीच आली तर सगळे ५० अंश त्या एकट्या जोडावर. ५४० च्या पीटीओला दांड्याच्या टोकापासून पिनेपर्यंत १४ इंच, म्हणजे ३५६ मिलिमीटर, हे जुनं प्रमाण आहे. तुमच्या ड्रॉबारला मागं-पुढं भोकं असतील. आधी हे अंतर मोजा, मग पिनेपासून ब्लोअरच्या जोडापर्यंतचं.

दुसरा मार्ग म्हणजे मोठ्या कोनाचा जोड, ज्यात एका टोकाला दोन क्रॉस एकत्र बसवलेले असतात. तो वळणापुरता ८० अंशांपर्यंत सोसतो आणि गतीही एकसारखी देतो. महाग आहे, पण रोज फवारणी असेल तर परवडेल. तो ट्रॅक्टरच्या बाजूला लावतात. दुसऱ्या टोकाचा साधा जोड मग शक्य तितका सरळ ठेवायचा, कारण त्याचे हिसके फेडायला आता जोडीदार राहत नाही.

हे दोन्ही होईपर्यंत ओळीच्या तोंडाशी पीटीओ बंद करून वळा.

शिवारातली (सिन्नर)

सगळी चर्चा वाचली, खूप उपयोगाची आहे. एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. वर नळीवर मोजण्यासाठी कव्हर सरकवायचं लिहिलंय. मोजून झालं की ते परत जागेवर यायलाच हवं, त्याच्या साखळ्या बांधायलाच हव्यात. आमच्या भागात शाफ्ट कोन करून घासला की पहिल्यांदा कव्हर फुटतं, आणि मग ते काढूनच टाकतात. सेकंदाला नऊ फेरे म्हणजे पदर, उपरणं किंवा सैल बाही अडकली तर हात मागं घ्यायला वेळ मिळत नाही. रोपं लावायला, वेचणीला बायका ट्रॅक्टरच्या आजूबाजूला असतात, पोरं असतात. क्रॉस दुकानात मिळतो. ज्यांच्याकडं कव्हर नाही त्यांनी क्रॉसबरोबर ते पण आणावं, एवढंच माझं म्हणणं.

लेथवाले काका (कराड)

ताई, शंभर टक्के. माझ्याकडं शाफ्ट येतो तेव्हा कव्हर नसेल तर मी तसं आधी सांगतो. आणि कव्हर वारंवार फुटतंय म्हणजे कोन तपासायची वेळ आलीय, हेही धरून चाला.

कृष्णाकाठ (पलूस)

शाफ्ट चढवला. टॉप लिंक सैल करून गिअरबॉक्स मातीत असताना सपाट आणला, ॲपवर एक अंशाच्या आत. खोली स्कीडच्या बोल्टांनी परत बसवली. चेन ताणल्या. स्टॉपर अशा जागी अडवला की फाळ वीतभर वर येतात, त्या वेळी नळी १९ अंश दाखवते. पिनियनचं सील बदललं. गिअरबॉक्स खोलायची गरज पडली नाही, पिनियनला हातानं हलवून बघितलं तर खेळ नाही.

भारी रानात खोडक्यांच्या पट्ट्यात चालवून बघितलं. सीटखालची थरथर गेली. आवाज फाळांचा येतो तेवढाच. बांधाला वळताना खडखड नाही. क्रॉसला हात लावून बघितला, दुपारपर्यंत चालवूनही कोमटच होता, पूर्वी हात ठेवता यायचा नाही. सर, काका, बार्शीचे भाऊ, मनापासून आभार. सुरूचं रान वेळेत होतंय.

माणदेशी (विटा)

मीही माझा मोजला. योक रेषेत आहेत. पण नाक ५ अंश खाली, आणि लिंक सैल करायला गेलो तर दुसरीच अडचण. कामात गिअरबॉक्स सपाट केला की उचलल्यावर तो खूप झुकतो. हे कसं काय?

भाड्याचा रोटर (बार्शी)

ट्रॅक्टरवर टॉप लिंक लावायला वर-खाली दोन-तीन भोकं असतील. तुमची बहुतेक खालच्या भोकात आहे. टॉप लिंक आणि लोअर लिंक एकमेकांना जितक्या समांतर, तितका रोटर उचलताना कमी झुकतो. वरच्या भोकात घ्या. तिथं लांबी परत बसवावी लागेल. आणि रोटरला ड्राफ्टची (ओढीप्रमाणे आपोआप वर-खाली करणारी) लिव्हर वापरू नका, पोझिशनवरच (ठरलेल्या उंचीवर धरणारी) चालवा.

माणदेशी (विटा)

खालच्याच भोकात होती. वर घेतली. उचलल्यावरचा झोक बराच कमी झाला. आता शिअर बोल्ट बघतो, माझ्यात बाजारातला कडक बोल्ट आहे.

लेथवाले काका (कराड)

तो आजच काढा. दगडाच्या रानात तर तो मऊच हवा. रोटरच्या पुस्तकात बोल्टचं माप आणि ग्रेड दोन्ही दिलेले असतात, बोल्टच्या डोक्यावरचा ग्रेडचा आकडा त्याच्याशी जुळवून घ्या. दोन-चार जादा आणून टूलबॉक्समध्ये ठेवा, म्हणजे रानात तुटला तर हाताला लागेल तो बोल्ट घालायची वेळ येणार नाही.